वाचकांचे प्रश्न : ऑटोमॅटिक क्रोनोग्राफची मशीन कशी पारखावी?

या महिन्यात घड्याळांविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफसंबंधीची, म्हणजे मनगटाच्या हालचालीने चावी भरणाऱ्या आणि स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांविषयीची आहेत. घड्याळाच्या आतील यंत्रणेला येथे मशीन म्हटले आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील प्रश्न इतर अनेकांनीही विचारला असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. निवृत्तीनिमित्त एक चांगले ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ घड्याळ घ्यावे असे मनात आहे. एका दुकानदाराने सांगितले की ज्या मशीनमध्ये कॉलम व्हील नाही ती हलकी समजावी, म्हणून व्हॅल्जू ७७५० ही स्विस मशीन घेऊ नये. दुसऱ्या दुकानदाराने ७७५० सारखी मशीन नाही असे सांगितले. मशीनची प्रत नेमकी कशावरून ठरवावी?
— एक निवृत्त शिक्षक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : पहिल्या दुकानदाराने संपूर्ण मशीनचा निकाल एका भागावरून लावला आहे आणि दुसऱ्याने केवळ नावावरून. आपण विज्ञानाचे शिक्षक आहात, त्यामुळे आधी रचना पाहणे आपल्याला आवडेल.

क्रोनोग्राफ म्हणजे चालत्या घड्याळावर बसवलेले स्टॉपवॉच. त्याला तीन कामे करावी लागतात. बटण दाबल्यावर कोणती पट्टी कोठे सरकावी हे ठरवणे हे पहिले काम, चालत्या चक्रांची गती मोठ्या सेकंदकाट्याला जोडणे आणि तोडणे हे दुसरे, आणि सर्व काटे शून्यावर आणणे हे तिसरे. तिसरे काम जवळजवळ सर्वच मशीन एकाच पद्धतीने करतात. काट्याच्या अक्षावर हृदयाच्या आकाराचा कॅम, म्हणजे विशिष्ट आकारात कापलेला धातूचा तुकडा असतो, त्यावर एक हातोडी आदळते आणि काटा कोठेही असला तरी फिरून शून्यावर येतो. अडॉल्फ निकोल यांनी या युक्तीचे पेटंट १८४४ मध्ये घेतले होते आणि तिच्यात मूलभूत बदल करण्याची गरज आजवर पडलेली नाही. त्यामुळे मशीन-मशीनमधील खरा फरक पहिल्या दोन कामांत सापडतो.

पहिल्या कामासाठी दोन पद्धती आहेत. कॉलम व्हील हे उभ्या खांबांचे एक छोटे चक्र असते. प्रत्येक वेळी बटण दाबले की ते एक घर पुढे सरकते आणि पट्ट्यांची टोके कधी खांबांवर टेकतात, तर कधी दोन खांबांच्या मधल्या जागेत उतरतात. दुसऱ्या पद्धतीत कापलेल्या पत्र्यांचा एक कॅम असतो, जो पुढे-मागे सरकून तेच काम करतो. कॉलम व्हील बारकाईने कापावे व घासावे लागते, म्हणून ते महाग पडते. त्याचे बटण एकसारख्या, मऊ दाबाने चालते, तर कॅमच्या मशीनमध्ये सुरू करण्याचे बटण थोडे कडक लागते. बोटाला जाणवणारा हा फरक खरा आहे आणि ज्याला तो आवडतो त्याने त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात काहीही गैर नाही. मात्र घड्याळ वेळ किती अचूक दाखवेल किंवा किती वर्षे टिकेल, याच्याशी या फरकाचा संबंध फार थोडा आहे. ओमेगाने १९६८ मध्ये आपल्या स्पीडमास्टर या क्रोनोग्राफमधील कॉलम व्हीलची ३२१ ही मशीन बदलून कॅमची ८६१ बसवली आणि नासाने ते घड्याळ त्यानंतरही अंतराळात वापरले. (या दोन्ही मशीन हाताने चावी देण्याच्या आहेत, पण मुद्दा तोच आहे.) उलट बाजूचेही उदाहरण आहे. व्हीनस १७५ या जुन्या स्विस रचनेवर आधारलेली सी-गलची एसटी १९ ही चिनी मशीन कॉलम व्हीलची असूनही बरीच स्वस्त मिळते. तीही हाताने चावी देण्याचीच आहे आणि तिची प्रत प्रत्येक नगाच्या जुळणीनुसार बदलते. कॉलम व्हील आहे म्हणून मशीन उच्च प्रतीची झाली, असे तिला पाहून म्हणता येणार नाही.

माझ्या मते अधिक लक्ष दुसऱ्या कामाकडे, म्हणजे क्लचकडे द्यावे. जुन्या आडव्या क्लचमध्ये एक दातेरी चक्र बाजूने सरकत येऊन क्रोनोग्राफच्या चक्रात अडकते. दाते दात्यांवर आदळले तर सेकंदकाटा सुरू होताना किंचित पुढे किंवा मागे उडी घेतो. ७७५० मध्ये याऐवजी दोन्ही टोकांना दाते असलेले एक बारीक पिनियन, म्हणजे दातेरी दांडी असते. त्याचे एक टोक सदैव चालत्या चक्रात गुंतलेले असते आणि बटण दाबले की दुसरे टोक कलून क्रोनोग्राफच्या चक्राला लागते. ही कल्पना एदुआर ह्यूअर यांची असून तिचे पेटंट १८८७ चे आहे. रचना साधी आहे, जागा कमी लागते आणि दुरुस्तीही सोपी पडते, मात्र सुरुवातीची सूक्ष्म उडी तिच्यातही कधी कधी दिसते. तिसरा प्रकार उभ्या क्लचचा. त्यात मोटारसायकलच्या क्लच प्लेटप्रमाणे एक तबकडी दुसरीवर दाबली जाते आणि केवळ घर्षणाने गती जोडली जाते. दातांचा संबंध नसल्यामुळे काटा उडी न घेता चालू लागतो आणि क्रोनोग्राफ दिवसभर चालू ठेवला तरी बॅलन्स व्हीलच्या (दोन्ही दिशांनी झुलून घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चक्राच्या) झोक्यावर फारसा परिणाम होत नाही. सेइकोची ६१३९ ही १९६९ मध्ये बाजारात आलेली मशीन कॉलम व्हील आणि उभा क्लच घेऊन आली होती. रोलेक्सची ४१३० (सन २०००) आणि ब्राइटलिंगची बी०१ (सन २००९) याच जोडीवर बांधलेल्या आहेत. पूर्ण चावी भरल्यावर रोलेक्सची सुमारे ७२ तास आणि ब्राइटलिंगची सुमारे ७० तास चालते.

झेनिथची एल प्रिमेरो १० जानेवारी १९६९ रोजी जाहीर झाली. तिचा क्लच आडवा आहे, तरीही मी तिला सर्वोत्तम मशीनच्या रांगेत बसवतो. ती तासाला ३६,००० ठोके देते आणि साडेसहा मिलिमीटर जाडीत सुमारे ५० तास चालते. १९७५ मध्ये कंपनीच्या नव्या मालकांनी यांत्रिक घड्याळे बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा शार्ल व्हर्मो या कारागिराने तिचे साचे, कॅम आणि कागदपत्रे स्वित्झर्लंडमधील ले लोक्ल येथील कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवली. त्यामुळेच ती पुढे पुन्हा बनू शकली. रोलेक्सने १९८८ पासून २००० पर्यंत आपल्या डेटोना या क्रोनोग्राफमध्ये हीच मशीन ठोके २८,८०० पर्यंत उतरवून वापरली. आपली मशीन नव्हे, तर दुसऱ्याची मशीन निवडणाऱ्या कंपनीची ही पसंती मला मोठी साक्ष वाटते.

आता ७७५० विषयी. एदमों काप्त यांनी रचलेली ही मशीन १९७४ च्या सुमारास बाजारात आली, क्वार्ट्झच्या, म्हणजे बॅटरीवरील घड्याळांच्या लाटेत लवकरच बंद पडली आणि १९८० च्या दशकात पुन्हा सुरू झाली. ३० मिलिमीटर व्यास, ७.९ मिलिमीटर जाडी, २५ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे) आणि तासाला २८,८०० ठोके अशी तिची मापे आहेत. ती जाड आहे आणि तिचे बटण कडक आहे, या दोन तक्रारी खऱ्या आहेत. पण तिच्यातील प्रत्येक भागाला पुरेसे बळ दिलेले आहे, तिला उघडून बसवलेला कारागीर आपल्याकडेही सापडतो आणि तिचे सुटे भाग मिळतात. सेलिटाची एसडब्ल्यू ५०० ही मशीन तिच्याच रचनेवर बनते आणि व्यवहारात मी दोघींत भेद करत नाही.

भेद करायचा असेल तर तो प्रतीचा करावा. एकच ७७५० वेगवेगळ्या प्रतींत विकली जाते. एलाबोरे ही प्रत तीन स्थितींत, म्हणजे मशीन तीन निराळ्या बाजूंनी ठेवून जुळवलेली असते, टॉप ही पाच स्थितींत, आणि क्रोनोमीटर प्रतीचे प्रत्येक मशीन स्वित्झर्लंडच्या कॉस्क या संस्थेत १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासले जाते. तेथे सरासरी दैनिक फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत यावा लागतो. दुकानदार जेव्हा केवळ “७७५० आहे” असे सांगतो, तेव्हा त्याने अर्धीच माहिती दिलेली असते. कोणती प्रत आहे, हे आवर्जून विचारावे.

आणखी एक गोष्ट पाहावी. काही घड्याळांत साध्या ऑटोमॅटिक मशीनवर क्रोनोग्राफचा वेगळा थर बसवलेला असतो. अशा घड्याळात बटणे आणि चावी बहुधा एका पातळीत नसतात आणि तारीख तबकडीच्या खोल आत गेलेली दिसते. ही रचना वाईट नाही, पण दुरुस्तीच्या वेळी वरचा थर काढल्याशिवाय खाली जाता येत नाही. अनेक कारागीर असा थर दुरुस्त करण्याऐवजी पूर्ण बदलण्याचा सल्ला देतात.

खरेदीच्या वेळी क्रोनोग्राफ अनेकदा सुरू, बंद आणि शून्य करून पाहावा. सेकंदकाटा प्रत्येक वेळी नेमका १२ च्या रेषेवर आला पाहिजे. जवळपास टाइमग्राफर (घड्याळाची चाल आणि झोका मोजणारे यंत्र) असेल तर पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून झोक्याचे अंश पाहावेत. निरोगी मशीनमध्ये ते साधारण २७० ते ३१० च्या दरम्यान असतात. ७७५० तपासताना यंत्रावर लिफ्ट अँगल (त्या मशीनसाठी ठरलेला कोन) ४९ अंश ठेवावा लागतो, नाहीतर आकडा चुकीचा येतो. त्यानंतर क्रोनोग्राफ सुरू करून पुन्हा पाहावे. झोका थोडा उतरणे स्वाभाविक आहे, पण तो एकदम कोसळत असेल तर क्लचची जुळणी किंवा तेल यात दोष आहे.

आपली परिस्थिती पाहता मी टॉप प्रतीची ७७५० किंवा त्याच दर्जाची एसडब्ल्यू ५०० सुचवेन. बटणाचा मऊपणा आपल्याला फार महत्त्वाचा वाटत असेल, तर कॉलम व्हील आणि उभा क्लच असलेली सेइकोची ८आर मालिकेतील मशीन पाहावी, मात्र ती बिघडली तर कोणाकडे न्यायची हे खरेदीपूर्वीच विचारून ठेवावे.

प्रश्न : आमच्या भागात शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची परंपरा आहे. जोड्यांची वेळ हाताने नोंदवण्यासाठी चांगल्या प्रतीचे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ वापरले तर निकाल अचूक येईल का? दिवसाला दोन-तीन सेकंदच फरक पडणारे घड्याळ मिळाले तर काम होईल असे वाटते.
— एक पटप्रेमी शेतकरी, तळेगाव दशासर परिसर (जि. अमरावती)

उत्तर : बंदीनंतर पट पुन्हा सुरू झाले, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदाही वैध ठरवला आणि त्याबरोबर वेळेच्या नोंदीवरून होणारे वादही परत आले. त्यामुळे आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे.

दिवसाचा फरक आणि धावेची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घड्याळ दिवसाला १० सेकंद पुढे जात असले, तरी १० सेकंदांच्या धावेत त्यामुळे होणारी चूक सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढीच येते. ती कोणालाही दिसणार नाही. त्यामुळे दोन-तीन सेकंदांच्या अचूकतेसाठी जास्त किंमत मोजूनही पटाच्या कामात काही लाभ नाही.

खरी मर्यादा ठोक्यांची आहे. तासाला २८,८०० ठोके म्हणजे सेकंदाला ८, म्हणून ७७५० चा काटा सेकंदाच्या आठव्या भागाने पुढे सरकतो आणि त्याहून बारीक अंतर ती दाखवूच शकत नाही. जुन्या सेइको ६१३९ चे ठोके २१,६०० आहेत, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. एल प्रिमेरोचे ३६,००० ठोके सेकंदाचा दहावा भाग दाखवतात. दोन जोड्यांमध्ये सेकंदाच्या दोन-चार शतांशांचा फरक असेल, तर यांपैकी कोणतेही घड्याळ तो सांगू शकणार नाही. त्यात माणसाच्या बोटाचा उशीर मिळवावा. खूण दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत साधारण पाचवा भाग सेकंद जातो, आणि प्रत्येकाचा उशीर सारखा नसतो.

हाताने वेळ घ्यायचीच असेल तर मैदानी स्पर्धांचा नियम पाळावा. तीन जणांनी स्वतंत्रपणे वेळ घ्यावी. दोघांची वेळ जुळली तर ती धरावी आणि तिघांची निराळी आली तर मधली धरावी. हाताने घेतलेली वेळ तेथे पुढच्या दशांशापर्यंत वाढवून लिहितात, तेही करावे. ज्या पटात बक्षिसाचा निकाल शतांशांवर ठरणार असेल, तेथे प्रकाशकिरण तुटला की आपोआप थांबणारे इलेक्ट्रॉनिक यंत्रच लावले पाहिजे. चांगले क्रोनोग्राफ हातात असणे आनंदाचे आहे, पण ज्या शेतकऱ्याने वर्षभर जोडी सांभाळली त्याचा निकाल त्यावर सोपवू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तात मागवलेल्या ऑटोमॅटिक घड्याळाला तीन छोट्या तबकड्या आणि दोन बटणे आहेत, पण स्टॉपवॉच चालत नाही. मशीन खराब आली का?
— जिनिंगमधील एक कामगार, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : बहुधा मशीन खराब नाही, पण ते क्रोनोग्राफच नाही. अशा स्वस्त घड्याळांत छोट्या तबकड्या वार, तारीख किंवा महिना दाखवतात आणि बटणांनी ते पुढे सरकवता येतात. क्रोनोग्राफमध्ये २ च्या जवळचे बटण दाबले की मधला लांब काटा निघतो, पुन्हा दाबले की थांबतो आणि ४ च्या जवळचे बटण दाबले की शून्यावर येतो. हे होत नसेल तर विक्रेत्याने दिलेले वर्णन चुकीचे आहे आणि मुदत असेल तर घड्याळ परत करावे. एवढ्या कमी किमतीत खरे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ मिळत नाही. स्टॉपवॉचच हवे असेल तर सेइकोची व्हीके ६३ किंवा व्हीके ६४ ही मशीन असलेले घड्याळ पाहावे. ते बॅटरीवर चालते, पण त्याचे काटे शून्यावर आणण्याचे काम यांत्रिक हातोडी करते आणि म्हणून ते झटक्यात परत येतात.

प्रश्न : मुंबईहून आणलेले एक जुने सेइको ६१३९ विकायला आले आहे. तबकडी अगदी नवी दिसते. ही मशीन चांगली म्हणतात, घ्यावे का?
— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : मशीनची कीर्ती खरी आहे. अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर जाताना आपले ६१३९ बरोबर नेले होते. पण पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी अगदी नवी दिसणे हेच सावध होण्याचे कारण आहे. जुन्या सेइकोच्या तबकड्या पुन्हा रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकण्याचा व्यवसाय आपल्या देशात मोठा आहे. भिंगाखाली अक्षरे पाहावीत. मूळ तबकडीवरील छपाई कडेने तीक्ष्ण असते, रंगवलेल्या तबकडीवर ती जाड आणि पसरलेली दिसते. मागच्या झाकणावरील अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा. तबकडीची शैली आणि हे वर्ष जुळते का, ते पाहावे.

मशीनविषयी दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. ६१३९ ला हाताने चावी देता येत नाही, ती मनगटावरच भरते. तिचा उभा क्लच उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेला नाही, त्यामुळे तो झिजला तर दुसऱ्या मशीनमधून पूर्ण क्लच काढून बसवावा लागतो. क्रोनोग्राफ सुरू केल्यावर काटा अडखळत चालत असेल किंवा मध्येच थांबत असेल, तर घड्याळ घेऊ नये.

प्रश्न : माझ्या ७७५० च्या घड्याळात हात हलवला की आत काहीतरी भर्रकन फिरल्यासारखे वाटते. हा दोष आहे का? आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, संत्र्याच्या बागेत धूळही खूप असते. अशा ठिकाणी ही मशीन टिकेल का आणि सर्व्हिसिंग कधी करावे?
— एक संत्रा उत्पादक, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : हा दोष नाही. ७७५० चा रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरणारे वजन, एकाच दिशेने फिरताना स्प्रिंग भरतो आणि उलट दिशेने मोकळा फिरतो. तो मोकळा फिरतानाचा वेग मनगटाला जाणवतो. धातू घासल्याचा कर्कश आवाज येत असेल किंवा रोटर झाकणाला लागत असेल, तर मात्र त्याचा स्क्रू किंवा बेअरिंग ढिले झाले आहे आणि घड्याळ त्वरित उघडून पाहावे. मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवताना रोटर सतत हलला, तरी चावी जास्त भरण्याची भीती नाही, कारण पूर्ण भरल्यावर स्प्रिंगचे बाहेरचे टोक ती ज्या डब्यात असते त्याच्या भिंतीवरून घसरते.

उन्हाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कॉस्कची सर्वांत उष्ण चाचणी ३८ अंशांवर होते आणि आपल्याकडचा मे महिना तिच्या बराच पुढे जातो. मनगटावर असताना शरीरामुळे घड्याळाचे तापमान काहीसे स्थिर राहते. खरा त्रास होतो तो घड्याळ टिनाच्या छपराखाली, गाडीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या कारच्या काचेमागे ठेवल्यावर. तेल पातळ होऊन आपल्या जागेवरून सरकते आणि पाणी आणि धूळ अडवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे गॅस्केट, कडक होतात. क्रोनोग्राफला चावीबरोबर दोन बटणांचीही गॅस्केट असतात, म्हणजे धूळ आणि घाम आत जाण्याच्या वाटा साध्या घड्याळापेक्षा अधिक. पाण्यात किंवा घामाने भिजलेल्या हाताने बटण दाबू नये. फवारणीच्या वेळी आणि कुऱ्हाड किंवा घण चालवताना घड्याळ काढून ठेवावे. जोराच्या धक्क्यांसाठी खास रचलेली लेमानिया ५१०० ही ऑटोमॅटिक मशीन निराळी होती. तिचे काही भाग प्लॅस्टिकचे असल्यामुळे अनेकांनी तिला नाके मुरडली, पण जर्मन हवाई दलातील वैमानिकांच्या मनगटावर ती टिकली. आता ती बनत नाही, आणि माझ्या दृष्टीने ही या क्षेत्राची खरी हानी आहे.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले तर आधी चुंबकाची शंका घ्यावी. स्पीकरमुळे किंवा चुंबक असलेल्या मोबाइल कव्हरमुळे असे होते आणि कारागीर हे चुंबकत्व काही मिनिटांत उतरवू शकतो.

कंपन्या सामान्यतः पाच ते सात वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवतात. आपल्या हवामानात मी चार ते पाच वर्षांचा कालावधी धरतो, आणि गॅस्केट मात्र दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळ्याआधी बदलून घेण्याचा सल्ला देतो. सर्व्हिसिंगला देताना कारागिराला स्पष्ट विचारावे की तो क्रोनोग्राफचा भाग उतरवून स्वच्छ करणार आहे की केवळ खालची मशीन. वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी वरचा भाग तसाच ठेवून तेल देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि त्यामुळे बटणे काही महिन्यांतच पुन्हा अडकू लागतात. घड्याळ परत घेताना टाइमग्राफरचे दोन आकडे बिलावर लिहून मागावेत, एक क्रोनोग्राफ बंद असतानाचा आणि एक चालू असतानाचा. ते बिल जपून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी कोणत्याही कारागिराला झोका किती उतरला हे लगेच कळेल.